रॅकेट म्हणजे आवाज

आमच्या घरात इंग्रजी फक्त रागावण्यासाठी होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, घरात मराठी बोलत, दौलतगंजच्या बाजारात हिंदी, आणि रागावले की इंग्रजी. त्यांच्या शाळेत एक जुन्या वळणाचे मास्तर होते. त्यांच्याकडून घेतलेली थोडी ठेवणीतली वाक्यं त्यांनी जन्मभर पुरवून वापरली. आम्ही दोघं भावंडं जिन्यात पळापळ करू लागलो की ते वर्तमानपत्र खाली ठेवून विचारत, ‘व्हॉट इज धिस रॅकेट?’

माझा भाऊ तेव्हा अगदी लहान. एकदा त्यांनी असं विचारल्यावर तो आत गेला आणि बॅडमिंटनची रॅकेट आणून त्यांच्या हातात देऊन उभा राहिला. अण्णांचा राग गेला. त्यांनी त्याला मांडीवर घेऊन सांगितलं, की रॅकेट म्हणजे ही, आणि रॅकेट म्हणजे तुम्ही करता तो गलका सुद्धा. असे दोन अर्थ आम्हाला घरातच मिळाले. तिसरा नंतर वर्तमानपत्रातून आला. आमच्याकडच्या हिंदी पेपरात हा शब्द त्या तिसऱ्या अर्थानेच येतो. नकली माव्याचं रॅकेट, परीक्षेत दुसऱ्याच्या जागी बसणाऱ्यांचं रॅकेट, मुली विकणाऱ्यांचं रॅकेट. ग्वाल्हेरमध्ये ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, त्यालाही हा शब्द येतो. आणि त्याला त्याचा हा एकच अर्थ ठाऊक असतो.

अण्णा या थंडीत गेले. त्याआधी वर्षभर ते अंथरुणाला खिळून होते. अर्धं अंग गेलं होतं, बोलणंही गेलं होतं. त्यांची खाट गल्लीकडच्या खोलीत होती, कारण सकाळचं ऊन तिथेच येतं. गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या घरातली भाजी कोणती ते फोडणीवरून कळतं. समोर पहिल्या मजल्यावर एक बाई कथक शिकवतात. त्या मूळच्या इटाव्याकडच्या. नवरा दूरच्या गावी नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांतून येणारा. त्यामुळे गल्लीने त्यांच्यावर पहिल्यापासूनच एक डोळा ठेवलेला होता. दुपारी चारच्या सुमाराला मुली येत, पायात घुंगरू बांधत, आणि मग दिवे लागेपर्यंत ‘ता थेई थेई तत्’ चाले. अण्णा दचकत. त्यांचा चांगला हात पांघरुणावर आपटत राही. आईने एकदा त्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी जमिनीवर दोन सतरंज्या अंथरल्या आणि आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली. आवाज कमी झाला, पण घुंगरांचा आवाज सतरंजीत कितीसा मुरणार.

भाऊ पुण्याला असतो. दिवाळीनंतर तो काही दिवस राहून गेला. त्या दिवसांत त्याने अण्णांचा तो हात रोज पाहिला. तो कुणाला काही बोलला नाही. पण परत जाण्याआधी त्याने मोबाइलवरून पोलिसांकडे एक तक्रार पाठवली होती, इंग्रजीतून. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तक्रार कुठेतरी पडून राहिली. मग अण्णा गेले, भाऊ धावत आला, त्याने अग्नी दिला. घर माणसांनी भरलं आणि हळूहळू रिकामं झालं. सातारची आत्या तेवढी राहिली.

समोरच्या बाईंनी पहिल्या दिवशी दुपारी पिठलं-भात पाठवला. आमच्याकडे चूल बंद होती. पिठलं त्यांनी कुणाला तरी विचारून केलं असावं, कारण मराठी लोक सगळ्यात गोड घालतात या समजुतीने त्यात साखर पडली होती. आणि त्यांनी आईला सांगितलं, की काकी, तेरावं होईपर्यंत आमच्याकडे घुंगरू वाजणार नाहीत. वर्ग बंद ठेवणं शक्य नव्हतं, मुलींची परीक्षा जवळ आली होती. म्हणून त्यांनी मुलींना चपला खालीच काढायला सांगितल्या, खिडक्या लावल्या, आणि त्या दिवसांपुरतं फक्त हातांचं आणि डोळ्यांचं काम घ्यायचं ठरवलं. ‘ता थेई’चे बोल मनातल्या मनात. मी त्या दिवसांत गॅलरीत बसत असे. मुली जिना चढताना दिसत आणि मग समोरचं घर गप्प होई. मला त्या गप्प राहण्याचा फार आधार वाटत होता.

दहावा अजून व्हायचा होता. एका दुपारी पोलिसांची गाडी आली, पण गल्लीत ती शिरूच शकत नाही. ती तोंडाशी थांबली आणि दोन महिला पोलीस, त्यांच्यामागे एक पुरुष, असे चालत आले. ते समोरचा जिना चढले. मी गॅलरीतच होते. दार उघडल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकवल्याचा. बंद खिडक्यांमागे काय चाललं आहे ते दिसत नव्हतं. खाली दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. कुणीतरी विचारलं, काय झालं, आणि कुणीतरी तोंडाशी हात नेऊन उत्तर दिलं. थोड्या वेळाने मुली खाली येऊ लागल्या. त्यांना एकेक करून नाव, वडिलांचं नाव, पत्ता विचारला होता. एक लहान मुलगी रडत होती आणि दुसरी तिला हिंदीत दटावत होती, की रडलीस तर लोकांना खरंच वाटेल.

काय खरं वाटेल, ते मला अजून कळलं नव्हतं.

पोलीस गेल्यावर बाई आमच्या दारात आल्या. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“दीदी, किसी ने लिखके दिया है कि मैं रैकेट चलाती हूँ. लड़कियों का.”

आत भाऊ पाटावर बसला होता. मुंडण केलेलं, अंगावर पांढरी शाल. त्याने मान वर केली. त्याचा चेहरा मी लहानपणापासून वाचत आले आहे. मला विचारावं लागलं नाही.

तो म्हणाला, “मी लिहिलंय. पण मी तसं लिहिलेलं नाही.”

बाईंना मराठी चांगलं समजतं. त्या सावकाश जिना उतरून गेल्या. जाताना त्यांनी खाली गल्लीत कुणाकडेही पाहिलं नाही आणि गल्लीने त्यांच्यावरून नजर काढली नाही.

भावाने मला मोबाइलवर ती तक्रार दाखवली. तिचा अर्थ असा होता, की आमच्या समोरच्या पहिल्या मजल्यावरून रोज असह्य रॅकेट चालतं, चार वाजता लहान मुलींना आणलं जातं, अंधार पडेपर्यंत हे सुरू असतं, माझे वडील फार आजारी आहेत, कृपया ताबडतोब काही करा. मी ती अण्णांच्या कानाने वाचली तर त्यात गलक्यापलीकडे काही नव्हतं. गल्लीच्या कानाने वाचली तेव्हा ‘लहान मुलींना आणलं जातं’ या ओळीपाशी मी थांबले.

“ताई, शब्द बरोबर आहे,” भाऊ म्हणाला. “कुठल्याही कोशात बघ. आवाज हा अर्थ त्यात आहेच.”

मी म्हटलं, “तो अर्थ अण्णांबरोबर शिकलेल्यांना माहीत. ठाण्यात पेपर वाचणारे लोक असतात.”

“म्हणजे चूक माझी?”

मी मोबाइल त्याला परत दिला. आमच्यात भांडण कधी मोठ्या आवाजात होत नाही, आणि त्या दिवसांत तर घरात भांडं आपटलं तरी आत्या डोळे वटारायची. पण तो गप्प बसेना. तो म्हणाला, की तू इथे होतीस, तुला सवय झाली होती, मी मात्र त्यांचा हात पाहिला आहे. हे खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच मला त्याच्यावर नीट रागावताही येईना.

ठाण्यात त्यानेच जाऊन तक्रार मागे घ्यायला हवी होती. पण अग्नी दिलेल्याने दहाव्याआधी असं हिंडायचं नाही, असं आत्याने बजावलं आणि आईनेही मान हलवली. मग मी गेले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं मागायला येणाऱ्यांशीही मी जेवढ्यास तेवढं बोलते. ठाण्याच्या पायऱ्या मी त्याआधी कधी चढले नव्हते. पर्समध्ये तक्रारीची प्रत होती आणि पदराआड अण्णांचा जुना इंग्रजी कोश. तो नेण्याची काही गरज नव्हती, पण हातात काहीतरी असावं असं वाटलं.

गल्लीत आलेल्या दोघींपैकी जी मोठी अधिकारी होती, तीच टेबलाशी बसली होती. माझ्याच वयाची, हातात ऊबेसाठी चहाचा ग्लास. मी सगळं सांगितलं. रॅकेट म्हणजे आवाज, हे मला दोनदा सांगावं लागलं. मी कोश उघडून पुढे केला. तिने पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, चला, मानलं. पण आम्ही तिथे गेलो तेव्हा आवाज कुठे होता? नाचाचा वर्ग म्हणता, तिथे मुली अनवाणी, गप्प, बंद खिडक्यांमागे बसलेल्या. एकीच्याही पायात घुंगरू नाही. कुणी काही बोलेना. आम्ही काय समजायचं?

मी सुतकाचं सांगितलं. “हमारे घर में ग़मी है. इसलिए वो चुप थीं.”

तिने ग्लास खाली ठेवला. मग थोडी हसली, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं.

“शोर लिख देते ना, दीदी. शोर की अर्ज़ी होती तो हम महीना भर उठते ही नहीं.”

तिने माझ्याकडून हिंदीत लिहून घेतलं. माझ्या भावाची तक्रार केवळ हिंदीतल्या ‘हल्ल्या’बद्दल, म्हणजे गलक्याबद्दल होती, आमचा त्या बाईंवर कोणताही आरोप नाही, आणि हे मी स्वतःच्या जबाबदारीवर लिहीत आहे, वगैरे. तिने सांगितलं की प्रकरण इथेच संपलं. मी उठले आणि पुन्हा बसले. विचारलं, की तुम्ही एकदा गल्लीत येऊन चार लोकांसमोर हे सांगाल का? ती म्हणाली, येईन, माझं काय जातं. पण पोलीस दुसऱ्यांदा आले तर लोक काय म्हणतील याचा विचार करा. ‘फिर आ गई’ असंच म्हणतील ना?

मी कोश पुन्हा पदराआड घेतला आणि निघाले.

घरी येऊन मी आईला सांगितलं, की लिहून दिलं, फक्त हल्ला होता म्हणून. आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. “कुणावर हल्ला झाला?” आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत हिंदीचा हल्ला कधी येऊन बसला ते आम्हाला कळलेलंही नाही. आमच्याकडे लग्नाच्या वरातीचा हल्ला होतो, शाळा सुटल्याचा होतो. साताऱ्यात हल्ला म्हणजे तलवारीच. आई तिला समजावू लागली आणि मध्येच हसली. भावालाही हसू आलं. अण्णा गेल्यापासून घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं, आणि लगेच सगळे गप्प झाले, कारण समोरच्या खिडक्या बंदच होत्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जिन्यावर कुणी चढलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन बहिणी आल्या, त्या गल्लीतल्याच. पाठोपाठ त्यांची आई येऊन त्यांना घेऊन गेली. बिर्ला नगरहून एक मुलगी येत असे, सगळ्यांत चांगली नाचणारी. तिचे वडील स्कूटरवरून आले, वर न जाता खालूनच त्यांनी तिचे घुंगरू मागितले. बाईंनी ते पिशवीत घालून दोरीने खाली सोडले. वाजू नयेत म्हणून की काय, वडिलांनी ते स्वेटरच्या आत छातीशी घट्ट खोचून नेले.

भावाने गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हिंदीत सविस्तर खुलासा लिहिला. शब्दाचे अर्थ दिले, माफीही मागितली. खाली कुणीतरी एवढंच विचारलं, ‘तो फिर पुलिस क्यों आई थी?’ भावाने मोबाइल पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

त्या दुपारी बाई पुन्हा आमच्या दारात आल्या. या वेळी त्यांनी आईकडे पाहिलं. त्यांचं बोलणं अगदी कोरडं होतं, रडून झालेल्या माणसासारखं. त्यांनी सांगितलं, की नवऱ्याचा फोन आला होता, त्याच्यापर्यंतही गेलं आहे. तो म्हणतो, वर्ग बंद कर आणि इटाव्याला जा. वर्ग आता तसाही बंदच आहे. पण असं गेलं तर हेच नाव घेऊन जावं लागेल.

“काकी, आप कहें तो आज घुँघरू बाँध लूँ? खिड़की खोलके. लोग सुनें तो सही कि यहाँ होता क्या है.”

आत्या म्हणाली, “वहिनी, सुतक आहे अजून. समोर नाचगाणं? लोक काय म्हणतील?”

आईने विचार केला. आई विचार करते तेव्हा तिचे ओठ हलतात, जप चालल्यासारखे. भाऊही उठून दाराशी आला होता.

आई म्हणाली, “एकटी नाचशील? मुली तर नाहीत.”

बाईंनी मागे वळून आपल्या खिडक्यांकडे पाहिलं. एकट्या बाईने भर दुपारी खिडक्या उघडून नाचायचं, म्हणजे आहे त्यात भरच. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

“थांब,” आई म्हणाली. मग मला म्हणाली, “माझी शाल दे. आणि बसायला तो वेताचा मोढा घे.”

आत्या दारातच आडवी उभी राहिली. सुतकात दुसऱ्याच्या घरी पाय ठेवायचा नसतो, त्यांच्या देवाला विटाळ होतो, हे तिने दोन-तीनदा सांगितलं. नवी विधवा बाई, नवरा जाऊन दहा दिवस नाहीत, आणि चालली नाचाच्या वर्गात. हे ती म्हणाली नाही, पण ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आई तिला म्हणाली, “वन्सं, विटाळ तिला होणार आहे ना? मग तिला विचारते.” आणि तिने बाईंना विचारलं, की मी आले तर चालेल का, तुझ्याकडे देव असतील.

“नटराज हैं. चादर ओढ़ा देती हूँ, काकी.”

आईला गल्ली ओलांडायला फार वेळ लागला. गुडघे दुखतात, आणि इतके दिवस ती खोलीतून बाहेर आली नव्हती. माझ्या एका हातात मोढा आणि दुसऱ्या हाताने तिला धरलेलं. दुकानं उघडी होती. किराणावाल्याने तराजू हातातच धरून ठेवला. आईच्या कपाळावर काही नव्हतं, हातही रिकामे होते. गल्लीने तिला तसं प्रथमच पाहिलं. मला वाटलं, हिने असं सगळ्यांच्या पुढ्यातून जायला नको होतं. तिने मात्र मान खाली घातली नाही.

वर बाईंनी नटराजावर चादर टाकली आणि खिडकी उघडली. थंड उजेड आत आला. आईने मोढा बरोबर खिडकीत ठेवायला सांगितला, गल्लीकडे पाठ करून नव्हे, बाजूने, म्हणजे खालून ती दिसावी. बाईंनी घुंगरू बांधले. मग त्या उभ्या राहिल्या आणि पहिला पाय पडला.

तो आवाज मी वर्षभर ऐकला होता, पण पलीकडून. खोलीत तो वेगळाच होता, जमिनीतून पोटात शिरणारा. आई ताठ बसली होती. तिच्या मनात त्या वेळी काय होतं ते मला माहीत नाही. अण्णांचा हात माझ्या डोळ्यांसमोर होता, तिच्याही असणार. तिने डोळे मिटले नाहीत.

बऱ्याच वेळाने गल्लीतल्या त्या दोन बहिणी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे त्यांची आई. ती खिडकीतल्या माझ्या आईकडे पाहत राहिली, मग तिने मुलींच्या पाठीवर हात ठेवून त्यांना आत ढकललं. बाईंनी ताल मोजणं थांबवलं नाही, फक्त डोळ्यांनी त्यांना जागा दाखवली.

बिर्ला नगरचे ते वडील दोन दिवसांनी आले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मुलगी स्कूटरवरच बसून होती. ते एकटे वर आले, पायऱ्यांवरच थांबले. आई तेव्हाही तिथेच होती, कारण एक दिवस जाऊन दुसऱ्या दिवशी न जाणं तिला बरं वाटेना. त्यांनी खोली पाहिली, उघड्या खिडक्या पाहिल्या, चादर घातलेली मूर्ती पाहिली. त्यांनी आईला नमस्कार केला आणि विचारलं, की अम्मा, आपण इथे बसता?

माझी आई खोटं बोलत नाही. अण्णांच्या आजारपणात डॉक्टर काय म्हणाले ते ती त्यांच्या तोंडावर त्यांना सांगत असे, आणि त्यावरून मी तिच्याशी भांडलेही आहे. मी तिच्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. घुंगरू थांबले होते.

“रोज़,” आई म्हणाली. “बहुत दिनों से.”

त्यांनी चपला काढल्या. मग खिडकीशी जाऊन त्यांनी मुलीला हाक मारली.

दहावा झाला, तेरावा झाला. भाऊ पुण्याला परत गेला. जाण्याआधी तो समोर जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलं नाही आणि बाईंनीही नाही. सगळ्या मुली काही परत आल्या नाहीत. बाईंचा नवरा अजून अधूनमधून इटाव्याचं नाव काढतो. आईने मात्र एकदा ‘रोज’ म्हटलं होतं. आता चार वाजले की ती शाल घेते, आणि मी घरी नसले तर किराणावाल्याला हाक मारून त्याचा हात धरून गल्ली ओलांडते.